तक्ता कुठे टांगावा

एक ते शंभर आकड्यांचा तक्ता कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळतो. दहा ओळी, दहा रकाने, वर प्लास्टिकचं आवरण, मागच्या बाजूला चांगल्या सवयी. वस्तू निरुपद्रवी दिसते आणि पालक तिथेच फसतात. या तक्त्यातून आकृतिबंध गळतात. मूल त्याच्यासमोर पाच मिनिटं एकटं बसलं, तर कोणी न शिकवता त्याला काहीतरी दिसण्याचा संभव असतो, आणि एकदा दिसलं की ते प्रश्न विचारू लागतं. पुढील सूचना हा धोका आटोक्यात ठेवण्यासाठी आहेत.

आधी उंची. घरातल्या सगळ्यात उंच माणसाच्या डोळ्यांसमोर येईल असा तक्ता टांगावा. गेल्या वर्षीच्या कॅलेंडरचा खिळा बहुधा त्याच उंचीवर असतो, तो चालेल. मुलाचं बोट तक्त्याला लागता कामा नये. बोट लागलं की ते सरळ खाली घसरतं: तीन, तेरा, तेवीस, तेहतीस. तोंडाला पुढे त्रेचाळीस, त्रेपन्न, त्रेसष्ट, त्र्याहत्तर अशी कसरत करावी लागते, पण बोटाला त्याचं काही नसतं. उजवीकडचा तीन जागचा हलत नाही, डावीकडचा आकडा एकेकाने चढतो, एवढं त्याला कळून चुकतं. तिरकं घसरलं तर आणखी कठीण. नऊवरून निघून डावीकडे उतरत गेलं की अठरा, सत्तावीस, छत्तीस करत थेट एक्क्याऐंशीपर्यंत नऊचा पाढा एका रेषेत उभा. जो पाढा घोकून घेण्यासाठी आपण दोन महिने मुलाची आणि शेजाऱ्यांची झोपमोड करणार, तो असा फुकटात हाती लागू देऊ नये.

उंचीचा प्रश्न सुटला की तोंडाकडे वळावं. तक्ता ही बघण्याची वस्तू नसून म्हणण्याची आहे, हे मुलावर बिंबवावं. पाहुणे आले की मुलाला उभं करावं, हात मागे, पाठ तक्त्याकडे, आणि एका दमात शंभरपर्यंत म्हणवून घ्यावं. प्रत्येक गोतावळ्यात एक काका असे असतात, की ते मधेच विचारतात, ‘‘सदुसष्टच्या आधी काय येतं रे?’’ मग मूल छताकडे बघतं आणि पुन्हा एकपासून सुरू करतं. तेवढ्यात चहा गार होतो. या काकांच्या हाती पोह्यांची बशी आधीच देऊन ठेवावी.

या कामात मराठी भाषेची साथ मोलाची आहे. तक्त्यावर २५ मध्ये डावीकडे दोन आहे, पण पंचवीस म्हणताना तोंडातून आधी पाच बाहेर पडतो. मूल ऐकलं तसं लिहितं: ५२. ते लाल पेनाने खोडावं. का खोडलं, ते सांगत बसू नये. तसंच एकोणिसाचं. हा शब्द स्वतःबद्दल अवाक्षर काढत नाही, शेजारच्याचा पत्ता तेवढा देतो: विसाला एक ऊन, म्हणजे एक कमी. तक्त्यावर बघावं तर वीस खरोखरच उजवीकडच्या घरात बसलेला! एकोणतीस, एकोणचाळीस करत हा शिरस्ता एकोणनव्वदपर्यंत नीट चालतो आणि शंभराच्या दारात भाषा अचानक नव्याण्णव म्हणून मोकळी होते. ज्या मुलाला शिरस्ता दिसलेला असतो, ते इथे हमखास ‘एकोणशंभर’ म्हणतं. आमच्या कन्येने म्हटलं होतं. मी तिला चूक म्हणून सांगितलं आणि ‘‘का चूक?’’ असं विचारल्यावर आंघोळीला पाठवलं. संस्कृतात नव्याण्णवला एकोनशत असंही म्हणतात, हे मला मागाहून कळलं. ही बातमी मी अजून घरात फुटू दिलेली नाही.

२०१९ साली या व्यवस्थेवर एकदा घाला आला होता. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात पंचवीसच्या जोडीला ‘वीस पाच’ असंही वाचन छापून आलं. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांचं म्हणणं साधं होतं: लहान मुलांना ही जोडाक्षरांची नावं जड जातात, लिहायचं एका क्रमाने आणि बोलायचं उलट्या क्रमाने यात ती गोंधळतात, तर त्यांना आधी एक सोपी पायरी द्या. जुने शब्द काढलेले नव्हतेच. पण महाराष्ट्राने संकट वेळीच ओळखलं. विषय विधिमंडळापर्यंत गेला. त्रेसष्ट आणि अडुसष्ट यांच्या रक्षणासाठी जी मंडळी त्या दिवसांत माझ्याशी फोनवर तावातावाने बोलली, त्यांतल्या बहुतेकांनी फोन ठेवण्यापूर्वी आपला दुसरा नंबर ‘नाइन एट टू टू’ असा सांगितला. त्यांच्या मुलांना रिक्षावाला एकोणसत्तर म्हणाला की ती आईकडे बघतात आणि आई हळूच सिक्स्टी नाइन म्हणते. यात विसंगती शोधू नये.

घरात आजोबा असतील तर त्यांचा वापर जरूर करावा. त्यांना पावकी, निमकी, पाऊणकी, सवाईकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा, इतकं सगळं येत असतं. यातलं अर्धं सुरू झालं तरी मूल तक्त्याकडे बघायचं विसरतं.

काही वस्तूंना मात्र उंबरठा ओलांडू देऊ नये. जिल्हा परिषदेच्या अनेक शाळांत शंभर मण्यांची माळ असते, दहा एका रंगाचे, दहा दुसऱ्या. मूल मणी सरकवत सत्तेचाळीसवर चिमटा लावतं आणि पन्नासला किती कमी ते बघून सांगतं. घोकंपट्टी तिथेच संपते.

सगळ्यात जास्त जपायचं ते मोठ्यांनी स्वतःला. देवळालीच्या शाळेत शिकवणारे द. रा. कापरेकर ६१७४ या संख्येमुळे जगभर ओळखले जातात, पण त्यांचा आणखी एक उद्योग होता. कुठलीही संख्या घ्यायची आणि तिच्यात तिचेच अंक मिळवायचे. बारा, अधिक एक, अधिक दोन: पंधरा. म्हणजे पंधरा ही बारापासून झाली. पण काही संख्या कशापासूनच होत नाहीत. त्या स्वयंभू. गावावरून त्यांना देवळाली संख्या असंही नाव आहे. शंभराच्या आत त्या तेरा: १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२, ५३, ६४, ७५, ८६, ९७.

हे वाचून मी एका रात्री पेन्सिल घेऊन तक्त्याकडे गेलो. खुर्चीवर चढावं लागलं, कारण तक्ता मीच टांगला होता. पहिल्या ओळीत पाच घरं एकाआड एक काळी झाली. वीस उजव्या कडेला एकटा. आणि मग एकतीसपासून सत्त्याण्णवपर्यंत एक सरळ तिरकी रेघ, जिन्याच्या पायऱ्यांसारखी, एकही पायरी न गाळता.

‘‘बाबा, काय करतोयस?’’

‘‘खिळा बघतोय. सैल झालाय.’’

कन्या पाणी प्यायला उठली होती. तिने रेघ बघितली. थोडा वेळ काही बोलली नाही, मग विचारलं, ‘‘पुढे कुठे जाते?’’ म्हटलं, पुढे तक्ता संपतो. ती बोटांवर अकरा मोजून म्हणाली, ‘‘एकशे आठ. आजीच्या माळेएवढे.’’ ती झोपल्यावर मी चौऱ्याण्णवपासून एकशे चारपर्यंतच्या एकेका संख्येत तिचे अंक मिळवून पाहिले. एकशे सात आलं, एकशे नऊ आलं, एकशे आठ कशातूनही आलं नाही.

खिळा आणखी वर मारायचा, तर आता मधे पंखा येतो.