आधारची झेरॉक्स : वाटपाची शास्त्रशुद्ध पद्धत

29 सप्टेंबर 2010 रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात देशातले पहिले आधार कार्ड दिले गेले. कार्डाचा जन्म महाराष्ट्रातला असल्याने त्याच्या झेरॉक्स वाटण्यात मराठी माणसाने मागे राहणे शोभत नाही. तरीही काही नागरिक प्रत देताना कपाळाला आठ्या घालतात. एखादा तर ‘कशासाठी हवी?’ असेही विचारतो. अशांच्या प्रबोधनासाठी ही मार्गदर्शिका.

साहित्य

मूळ आधार कार्ड एक. झेरॉक्स प्रती किमान वीस (पाहुण्यांसमोर ‘घरात आहेत ना!’ असे म्हणता येईल इतक्या). स्वसाक्षांकनासाठी निळे पेन. कार्डाचा दोन्ही बाजूंनी फोटो, मोबाइलच्या गॅलरीत. भिडस्त स्वभाव, चवीपुरता नव्हे, भरपूर.

पायरी 1 : मागितले की द्यावे

लॉजचा मॅनेजर, जिमचा ट्रेनर, मंगल कार्यालयाचा हिशेबनीस, सोसायटीच्या गेटवरचा वॉचमन, यांपैकी कोणीही मागितले तरी आधी प्रत काढावी, मग वाटल्यास नमस्कार करावा. करारापोटी खासगी कंपन्यांना आधार वापरू देणारी तरतूद सर्वोच्च न्यायालयाने 26 सप्टेंबर 2018 रोजी रद्द केली, ही माहिती फक्त चहाच्या गप्पांत वापरावी. रात्री अकरा वाजता, पेंगुळलेली मुले आणि चार बॅगा घेऊन लॉजच्या काउंटरवर उभे असताना घटनापीठ आठवू नये.

दिलेली प्रत पुढे कुठे जाते, याची चौकशी करणे असभ्य आहे. ती टेबलाखालच्या गोणीत जाते आणि गोणी भरली की रद्दीत जाते. 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा यात लुडबुड करील ही भीतीही नको. त्यात 250 कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे खरी. पण तो डिजिटल माहितीला किंवा कागदावरून नंतर डिजिटल केलेल्या माहितीला लागू होतो. गोणी त्यात बसत नाही.

पायरी 2 : दुकानदाराला घरचा समजावे

प्रिंट काढण्यासाठी कार्डाची पीडीएफ झेरॉक्सवाल्याच्या व्हॉट्सॲपवर पाठवावी. रांग लांब असेल तर त्याच्याच कॉम्प्युटरवर आपले ईमेल उघडावे आणि मागे उभ्या असलेल्या काकूंना घाई आहे म्हणून लॉगआउट न करता निघावे. त्या कॉम्प्युटरच्या ‘डाउनलोड्स’मध्ये अख्खा वॉर्ड सुखाने नांदत असतो: तुमचे आधार, शेजाऱ्याचे पॅन, कोणाचे भाडेकरार, कोणाच्या मुलीची दहावीची गुणपत्रिका. ‘फाइल डिलीट करा’ असे सांगून त्या माणसाचा अपमान करू नये.

पायरी 3 : प्रत स्वच्छ ठेवावी

प्रतीवर आडवी रेघ मारून ‘फक्त अमुक कामासाठी’ असे लिहिणे, खाली तारीख टाकणे, हे संशयी माणसाचे लक्षण आहे. शिवाय अशी प्रत दुसऱ्या कामाला वापरता येत नाही, म्हणजे पुढच्याची केवढी गैरसोय! ‘मास्क्ड आधार’चाही मोह टाळावा. ते अधिकृत वेबसाइटवरून फुकट मिळते, त्यात बारापैकी फक्त शेवटचे चार आकडे दिसतात आणि काउंटरवरचा मुलगा ‘हे अर्धवट आहे’ म्हणून परत करतो. त्याच्याशी वाद घालू नये.

याबाबत आधार देणाऱ्या खुद्द प्राधिकरणाचा आदर्श डोळ्यांसमोर ठेवावा. 27 मे 2022 रोजी त्यांच्या बेंगळुरू कार्यालयाने सूचना काढली की आधारच्या प्रती कोणालाही देऊ नका, गैरवापर होऊ शकतो. लोकांनी धसका घेतला. दोन दिवसांत, 29 मे रोजी, सूचना मागे घेतली गेली. गैरसमज होण्याची शक्यता आहे, नेहमीची सावधगिरी बाळगली की पुरे, असे ठरले. झेरॉक्सची दुकाने सोमवारी वेळेवर उघडली.

पायरी 4 : आकडा हा आकडाच समजावा

‘नुसत्या नंबराने काय होणार?’ हे वाक्य पाठ करावे. जुलै 2018 मध्ये दूरसंचार नियामक ‘ट्राय’चे तेव्हाचे अध्यक्ष आर. एस. शर्मा यांनी आपला आधार क्रमांक ट्विटरवर टाकून ‘काय बिघडवता ते बघू’ असे आव्हान दिले. काही तासांत लोकांनी त्यांचा मोबाइल नंबर, पत्ता, जन्मतारीख शोधून मांडली. प्राधिकरणाने खुलासा केला की यातले काहीही आधारच्या साठ्यातून फुटलेले नाही, ते इंटरनेटवर आधीपासूनच होते. या खुलाशाने निर्धास्त व्हावे. तिजोरी शाबूत आहे. माल बाहेर ठिकठिकाणी ठेवलेला असतो, चोराने तो फक्त जुळवायचा.

अंगठ्याचेही तसेच. आधारवर चालणाऱ्या पैसे काढण्याच्या सेवेला बँकेचे नाव, आधार क्रमांक आणि बोटाचा ठसा एवढे पुरते. ओटीपी लागत नाही. जमिनीच्या दस्तांवरचे ठसे सिलिकॉनवर उतरवून खाती रिकामी केल्याची प्रकरणे पोलिसांनी उघडकीस आणली आहेत. म्हणून आधारच्या ॲपमधले ‘बायोमेट्रिक लॉक’ मुळीच लावू नये. लावायला एखादे मिनिट लागते आणि तेवढ्यात एक रील बघून होते.

पायरी 5 : डिजिटल अटक करून घ्यावी

चारही पायऱ्या मनापासून केल्या असतील तर एके सकाळी फोन येईल. समोरच्या ‘साहेबां’ना तुमचे नाव, पत्ता, आधारचे आकडे ठाऊक असतील. ‘तुमच्या आधारवर पार्सल गेलंय, त्यात ड्रग्ज सापडलेत’ असे ते सांगतील. मग व्हिडिओ कॉल, खाकी वर्दी, मागे अशोकस्तंभ. चार्जर जवळ घ्यावा, दार लावावे, सूनबाईने ‘बाबा, जेवायला येताय ना?’ विचारले तर ‘मीटिंग आहे’ म्हणावे आणि ‘पडताळणी’साठी मुदतठेव मोडावी.

यात वयाची, शिक्षणाची, हुद्द्याची अट नाही. 2024 मध्ये वर्धमान समूहाचे अध्यक्ष एस. पी. ओसवाल यांना सर्वोच्च न्यायालयाची बनावट सुनावणी ऑनलाइन दाखवण्यात आली, नकली सरन्यायाधीशांसह. सात कोटी रुपये गेले. त्याच वर्षी 27 ऑक्टोबरला पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये सांगितले की कायद्यात डिजिटल अटक असा प्रकारच नाही. पण ज्याने आयुष्यभर दरडावून विचारणाऱ्या प्रत्येकाला निमूट कागद काढून दिले, तो या एकालाच ‘तुम्ही कोण?’ असे कसे विचारणार? इतक्या वर्षांचा सराव असा वाया घालवायचा नसतो.

तक्रार निवारण

1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करू नये. लगेच केला तर बँक पैसे वाटेतच गोठवू शकते आणि सगळे कष्ट पाण्यात जातात. आधी मुलगा काय म्हणेल, मग व्याही काय म्हणतील, मग सोसायटीत काय चर्चा होईल, याचा क्रमाने विचार करावा. तोवर रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून दहांत पांगलेली असते. मग निवांत पोलिस ठाण्यात जावे. अर्जाला काय काय जोडावे लागते, ते विचारायची गरज पडणार नाही. तुमच्या हातात ते आधीच असेल, दोन प्रतींत, सही करून.