खट् झालं की झालं

समुद्रावर पोट असणाऱ्या माणसाला समुद्राचा खरा कंटाळा संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास येतो. होडी वाळूवर ओढून झालेली असते. डॉल्फिन दिसले नाहीत म्हणून निम्मे पैसे परत मागणारं कुटुंब समजूत घालून वाटेला लावलेलं असतं. भुवयांवर मीठ चढलेलं असतं आणि घरातून बांगडे तळल्याचा वास येत असतो. नेमकं त्याच वेळी आउटबोर्ड इंजिन गोड्या पाण्याने धुवायचं असतं.

देवबागला माझ्या मामांची पर्यटकांना फिरवायची होडी आहे. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी, आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीवर नारळ, घरं, 'एसी रूम मिळतील'चे फलक आणि मामा. तिथे बसून इंजिन धुण्याचा कार्यक्रम मी पुष्कळ वेळा पाहिला आहे. माझं काम बहुतेक नळ आणि इंजिन यांच्यामध्ये निरोप पोहोचवण्याचं.

हे धुणं बाहेरून नसतं, आतून असतं. मोटारीला रेडिएटर असतो; आउटबोर्डला अख्खा समुद्रच रेडिएटर. खालच्या दांड्यातल्या जाळीतून खारं पाणी आत ओढलं जातं, रबरी पात्यांचा एक छोटा पंप ते वर ढकलतो, इंजिनाभोवती फिरून ते बाहेर पडतं. त्यातली एक बारीक धार मागच्या बाजूने सतत उडत असते. ती दिसली की इंजिन थंड आहे असं समजायचं. त्या धारेला किनाऱ्यावर जे म्हणतात ते इथे छापता येणार नाही, पण वर्णन अचूक आहे. एक लिटर समुद्राच्या पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. इंजिन बंद केलं की आत अडकलेलं पाणी इंजिनाच्या उष्णतेने सुकतं आणि मीठ मागे राहतं. मग एके दिवशी थर्मोस्टॅट जाम होतो, वाटा अरुंद होतात, आणि ऐन दिवाळीच्या गर्दीत, आठ पर्यटक होडीत असताना, इंजिन भोंगा वाजवतं.

हे सगळं मामांना मुखपाठ आहे. बंदरावरच्या कुठल्याही पोराला विचारा, तोही सांगेल. ज्ञानाची टंचाई कधीच नव्हती. अडचण त्या शेवटच्या पंधरा मिनिटांची आहे.

जुन्या इंजिनाच्या काळात ती पंधरा मिनिटं अशी जात. धुण्यासाठी एक कमान असे; तिच्या दोन टोकांना दोन रबरी वाट्या आणि एका वाटीला पाण्याची नळी. त्या वाट्या जाळीवर दोन्ही बाजूंनी दाबून बसवायच्या. मामा त्यासाठी ओल्या वाळूत गुडघे टेकत. एक वाटी बसली की दुसरी घसरे. नळीचं दुसरं टोक नळाच्या तोटीवर चढवून सायकलच्या ट्यूबच्या पट्टीने आवळलेलं असे. नियम असा की आधी पाणी, मग इंजिन. कारण पंपाची रबरी पाती कोरडी फिरली की थोड्याच वेळात जळतात. म्हणून मामा तिकडून ओरडत, "नळ सोड गो!" आणि मामी मागल्या दारातून, "कवाचो सोडलंय!" दोघंही खरं बोलत असत. मधल्या मधे ती ट्यूबची पट्टी सुटलेली असे आणि गोडं पाणी अळवाला जात असे.

आणि गोडं पाणी ही तिथे उधळायची वस्तू नाही. अशा वाळूच्या पट्टीत पावसाचं गोडं पाणी खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. फार उपसलं की खालचं वर येतं आणि मे महिन्यात विहीर मचूळ लागते. जवळच सिंधुदुर्ग किल्ला. १६६४ साली शिवाजी महाराजांनी भर समुद्रात कुरटे बेटावर त्याची पायाभरणी केली, आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या तीन गोड्या पाण्याच्या विहिरी आजही आहेत. कुठल्याही पर्यटकाला होडीतून नेताना मामा ही गोष्ट रंगवून सांगतात. घरी आले की विहिरीत डोकावून गप्प बसतात.

मग नवं चार-स्ट्रोक इंजिन आलं. त्याला पाणी द्यायचं वेगळं तोंडच होतं, बागेची नळी लावायला. वाट्या नकोत, गुडघे नकोत. इंजिन बंद ठेवून नळी लावायची आणि पाणी सोडायचं. मामा हरखले. नळाला बसणारं पितळी टोक त्यांनी त्या तोंडाला लावलं. दीड-दोन फेरे छान गेलं. मग अडलं.

या अडण्याचा इतिहास मोठा आहे. १८४१ मध्ये जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज अभियंत्याने स्क्रूच्या आट्यांचं एक ठरावीक माप सुचवलं. त्याच घराण्यातले पाइपाचे आटे आपल्याकडच्या नळांना आहेत: पाऊण इंचीला एका इंचात १४. इंजिनाचं तोंड मात्र अमेरिकन बागेच्या नळीचं होतं, एका इंचात साडेअकरा. व्यासात फरक जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा. म्हणजे पत्रिका पाहिली तर गुण उत्तम जुळतात, मुलगा-मुलगी एकमेकांना पसंत, आणि भांडण बरोबर दुसऱ्या फेऱ्याला. मामांनी टेफलॉन टेप गुंडाळली, दोन वायसर घातले, पाना लावून जोर केला. पाणी चहूकडून उडालं, फक्त आत गेलं नाही. मामांचं दुःख लहान मानू नये. फेब्रुवारी १९०४ मध्ये अमेरिकेतलं बाल्टिमोर शहर पेटलं तेव्हा शेजारच्या शहरांतून बंब धावून आले आणि त्यांतल्या अनेकांच्या नळ्या तिथल्या हायड्रंटला लागेनात, कारण प्रत्येक गावाचे आटे वेगळे. पंधराशेवर इमारती जळाल्या. देवबागात फक्त मामांचा लेंगा भिजला.

शेवटी मालवणच्या हार्डवेअरवाल्याने एका बाजूला हे आणि दुसऱ्या बाजूला ते आटे असलेला पितळी तुकडा कुठून तरी मागवून दिला, आणि सोबत 'खट्' दिलं. मामांनी त्या वस्तूला दुसरं नाव कधी ठेवलं नाही. एक नर तुकडा इंजिनाच्या तोंडाला कायम बसवायचा. त्याच्या गळ्यात ओ-रिंग आणि एक खाच. मादी तुकडा नळीच्या टोकाला; त्याच्या पोटात बारीक पोलादी गोळ्यांचं कडं आणि वर सरकणारी बांगडी. बांगडी मागे ओढायची, नरावर ढकलायची, सोडायची. गोळ्या खाचेत बसतात. खट्. बागेच्या नळीसाठी अशी खटक्याची जोडणी जर्मनीतल्या उल्म शहरातल्या गार्डेना कंपनीने १९६८ मध्ये बाजारात आणून रुळवली. तिच्यात गोळ्यांऐवजी प्लॅस्टिकचे जबडे. उल्म डॅन्यूबच्या काठी, समुद्रापासून शेकडो किलोमीटर लांब.

मला या वस्तूबद्दल आदर वाटतो तो तिच्या हुशारीपेक्षा तिच्या नम्रपणामुळे. इंजिन बनवणारा माहितीपुस्तकात लिहितो, 'प्रत्येक वापरानंतर गोड्या पाण्याने धुवा.' तो वाचकाला सद्गुणी धरून चालतो. खट् बनवणाऱ्याने मात्र बांगड्यांच्या वासाकडे ओढला जाणारा माणूस पाहिलेला असावा. त्याने उपदेश केला नाही, फक्त आळसाला बसायला जागा ठेवली नाही. पूर्वी 'आज राहू दे, उद्या धुवू' म्हणण्यात पंधरा मिनिटं वाचत होती. आता त्यात वाचण्यासारखं फारसं उरलं नाही. नळी लावून मामा सरळ चहाला जातात, आणि चहा होईतो इंजिन धुऊन होतं.

खट्चेही लाड आहेतच. वाळूचे चार कण गोळ्यांत शिरले की बांगडी हटून बसते. ओ-रिंगला अधूनमधून सिलिकॉन ग्रीसचं बोट लावावं लागतं. पितळ थेट ॲल्युमिनियमच्या आट्यांवर चढवून खाऱ्या हवेत वर्षभर ठेवलं तर दोन धातू एकमेकांना असे धरतात की पान्यालाही दाद देत नाहीत. म्हणून जून-जुलैत, मासेमारी बंद आणि पर्यटक नाहीत अशा दिवसांत, मामा सगळं उघडून, पुसून, ओटीवर वर्तमानपत्रावर मांडून बसतात. मामी त्या वर्तमानपत्राची तारीख आधी बघते.

खरा घोटाळा निराळाच आहे. जे लावायला सोपं ते काढायलाही सोपं. हे मामीच्या लक्षात यायला वेळ लागला नाही.

"अगो, माझा ता खट् खंय गेला?" होडी लागल्यावर हाक येते.

पोफळीच्या बागेतून उत्तर, "हयसर आसा. झाडांका पाणी नको?"

"माझा इंजिन मिठान मरात!"

"तुमचा इंजिन काय सुपाऱ्यो देतला?"

मामांनी मालवणला जाऊन दुसरा जोड आणला. तो सध्या पाहुण्यांच्या पाय धुण्याच्या नळाला आहे.