वजावटकाका

आमच्या सोसायटीत कुणी दवाखान्यात भरती झालं की बाकीचे लोक विचारतात, "काय झालं?" वजावटकाका विचारतात, "खोली कुठली घेतली?"

त्यांचं खरं नाव दारावरच्या पाटीवर आहे, पण ते वाचायची गरज कुणाला पडत नाही. एका खासगी कंपनीच्या हिशेब खात्यात उभा जन्म काढून निवृत्त झाले, त्या दिवशी नारळ, शाल आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं आणि कंपनीचा गटविमा गेला. शाल त्यांनी कपाटात ठेवली. विम्याचं दुःख मात्र अजून पांघरून हिंडतात. त्या विम्यात जुनी दुखणी पहिल्या दिवसापासून चालत आणि हप्ता कधी डोळ्यांना दिसत नसे. बाहेर पडल्यावर साठीच्या माणसाला कोण काय हप्ता सांगतो आणि त्यातून काय काय वगळतो हे पाहून त्यांनी सगळ्या पॉलिस्यांचा तक्ता मांडायला लॅपटॉप उघडला, तो आजतागायत मिटलेला नाही.

हप्ता त्यांच्या लेखी सगळ्यात शेवटी बघायची गोष्ट. "स्वस्त कुठली ते विचारू नका. बिल आलं की माझ्या खिशातून किती जाणार, ते विचारा." हे कळावं म्हणून ते प्रत्येक पॉलिसीत एकेक काल्पनिक रोगी भरती करतात. रोगी अर्थात घरचेच. पित्ताशय स्वतःचं, हर्निया मेव्हण्याचा. मुलाचं लग्न अजून ठरायचंय, पण सूनबाईचं बाळंतपण तीन कंपन्यांत झालेलं आहे. काकू चहा गाळता गाळता सांगतात, "गेल्या आठवड्यात ह्यांनी माझे दोन्ही गुडघे बदलले. एकीकडे बिलाचे वीस टक्के आपणच भरायचे, असा को-पे निघाला, म्हणून रात्री दुसरीकडे नेऊन परत बदलले."

'वजावटकाका' हे नाव पडलं ते माघी गणपतीच्या सत्यनारायणाला. हातात शिऱ्याचा द्रोण घेऊन त्यांनी टॉप-अप आणि सुपर टॉप-अपमधला फरक समजावून सांगितला होता. समजा वजावट, म्हणजे कंपनी द्यायला लागण्याआधीची रक्कम, ५ लाखांची आणि वर्षात ४-४ लाखांची दोन बिलं आली. साधा टॉप-अप प्रत्येक बिल वेगळं बघतो. एकही पाचाच्या वर नाही, म्हणून हातावर तुरी. सुपर टॉप-अप वर्षाची बेरीज धरतो आणि वरचे ३ लाख देतो. "नावात फक्त 'सुपर'! आणि तीन लाखांचा फरक!" गुरुजीही आरतीचं ताट धरून ऐकत उभे राहिले होते.

नव्या माणसाला ते बी विंगमधल्या एका गृहस्थांची कथा हमखास ऐकवतात. ३ लाखांची पॉलिसी, खोलीभाड्याला मर्यादा विमा रकमेच्या एक टक्का, म्हणजे दिवसाला ३,००० रुपये. गृहस्थांनी ६,००० ची खोली घेतली, खिडकीतून झाड दिसतं म्हणून. चार दिवस राहिले. जास्तीचे बारा हजार आपण भरू, बाकीचं कंपनी बघेल, असा त्यांचा हिशेब. कंपनीनं बघितलंच. खोली मर्यादेच्या दुप्पट, म्हणून सर्जन, भूलतज्ज्ञ आणि ऑपरेशन थिएटर मिळून झालेल्या ८०,००० चेही निम्मेच मंजूर. औषधांना आणि तपासण्यांना ही कात्री लागत नाही, एवढंच नशीब. बारा आणि चाळीस, ५२,००० घरचे गेले. "तेवढ्यात हापूसची किती कलमं लावून झाली असती," काका म्हणतात, "आणि आयुष्यभर झाडच झाड दिसलं असतं."

विमा एजंट आमच्या जिन्यात भरभर चढतात आणि काकांच्या दुसऱ्या मजल्यावर पावलं हलकी करतात. "काका, सगळं कव्हर आहे" या वाक्यावर काका त्यांना बसवून घेतात, पाणी देतात आणि न मिळणाऱ्या ६८ गोष्टींची यादी म्हणून दाखवतात: डायपर, क्रेप बँडेज, मिनरल वॉटर, धोब्याचा खर्च... एकदा एक जण म्हणाला, अर्जात बीपी लिहू नका. काकांनी बीपी तर लिहिलंच, खाली शाळेत असताना काढलेले टॉन्सिल्सही लिहिले.

२०२४ च्या एप्रिलात जुने आजार विम्यात धरले जाण्याआधीची प्रतीक्षा चारऐवजी जास्तीत जास्त तीन वर्षांवर आली, तेव्हा ते फाटकाशी उभं राहून येणाऱ्याजाणाऱ्याला "तुमच्या मधुमेहाचं एक वर्ष वाचलं!" म्हणून अभिनंदन करत होते. २२ सप्टेंबर २०२५ ला वैयक्तिक विम्याच्या हप्त्यावरचा अठरा टक्के जीएसटी गेला. काकांनी तक्त्यातला जीएसटीचा रकाना पुसला, पण त्या जागी नवा आखला: 'मूळ हप्ता वाढवतात का ते बघणे'.

काकूंचा मोतीबिंदू मात्र खरा निघाला. पॉलिसीतली दोन वर्षांची प्रतीक्षा संपायला आणि तो पिकायला एकच महिना आला, हा काकांच्या नियोजनाचा कळस. एका डोळ्याला मर्यादा ४०,००० ची, दवाखान्याचं साधं पॅकेज ४५,००० चं. तक्त्यात 'खिशातून ५,०००' असं आधीच टाईप झालेलं. डॉक्टरांनी सहज दुसरी लेन्सही दाखवली, तिचं पॅकेज ८०,००० चं.

"हिच्यात वाचायला चष्मा लागणार नाही?" काकूंनी विचारलं.

"बहुतेक नाही."

"मग हीच बसवा."

"अगं, चाळीस हजार आपल्या खिशातून!"

"अहो, डोळा माझा आहे. तक्ता तुमचा."

नव्या डोळ्यानं काकूंनी पहिल्यांदा पॉलिसीचं बारीक अक्षर वाचलं आणि त्यात वर्षातून एकदा फुकट आरोग्य तपासणी सापडली. काकांना ती ठाऊक होती. पण त्यांनी स्वतः एकदाही केलेली नव्हती. तपासणीत काही निघालं, तर उद्या दुसऱ्या कंपनीकडे पोर्ट करताना अर्जात लिहावं लागेल, हे कारण. सगळ्या गोतावळ्यावर शस्त्रक्रिया करून बसलेला हा माणूस स्वतःच्या दोन थेंब रक्ताला भीत होता. काकूंनी त्यांना सोमवारी उपाशीपोटी नेलं. साखर काठावर निघाली. काकांनी ती मुकाट्यानं कंपनीला कळवली आणि सहा पॉलिस्या तक्त्यातून उडवल्या.

माणूस वैतागवाडी आहे, पण त्याचं गणित चोख आहे. तुमच्या इमारतीत असा कुणी असेल, तर पुढचा हप्ता भरण्याआधी पॉलिसी घेऊन त्याच्याकडे जरूर जा. दोन तास मोकळे ठेवा, आणि बोलता बोलता कंबर धरू नका.