आपोआप प्रसिद्धीचा योग

पूर्वी लेख लिहिल्यापासून तो छापून येईपर्यंत मध्ये बरीच माणसं असत. संपादक, उपसंपादक, खिळे जुळवणारा, मुद्रितशोधक. यांच्यापैकी कुणीही, कधीही, ‘हे राहू द्या’ म्हणू शकत असे, आणि म्हणतही असे. मग 1999 मध्ये ब्लॉगर आलं, 2003 च्या मे महिन्यात वर्डप्रेस आलं आणि ही सगळी मंडळी एका बटणात मावली. लेखकाने लिहावं, बटण दाबावं आणि जगाने भोगावं.

आता ते बटण दाबण्याचेही कष्ट नकोत, असं ठरलं आहे. लेख गुगल शीटच्या एका ओळीत टाकायचा. मधली एक सेवा तो तिथून उचलणार आणि ब्लॉगवर नेऊन लावणार. प्रोग्रॅमिंगची एक ओळही लिहायची नाही. हिंजवडीत नोकरी करणारी माझी भाची म्हणाली, “मामा, तू फक्त लिही. बाकी सगळं आपोआप.” आजवर लग्नकार्यात, बँकेत आणि सोसायटीत ज्या ज्या गोष्टी आपोआप होणार होत्या, त्या सगळ्या शेवटी मलाच कराव्या लागल्या आहेत. पण भाचीपुढे बोलायची सोय नाही.

“ब्लॉगच्या दाराशी एपीआय असतो,” तिने सुरुवात केली. “हॉटेलातला वेटर समज. तू ऑर्डर द्यायची, तो आत जाऊन काम करून आणणार.” हे उदाहरण सगळेच इंजिनियर देतात, आणि त्यातला एकही उडप्याच्या हॉटेलात कधी बसलेला नसावा. आपला वेटर इडली-वडा-डोसा-उत्तप्पा एका दमात म्हणून दाखवतो, वडा संपला असेल तर तसं तोंडावर सांगतो. एपीआय फक्त आकड्यांत बोलतो. 401 म्हणजे आपण कोण? 403 म्हणजे आपण कोण ते कळलं, म्हणूनच आत सोडत नाही. 404 म्हणजे असलं काही इथे मिळत नाही. 429 म्हणजे सारख्या हाका मारू नका. 500 म्हणजे स्वयंपाकघरातच गोंधळ आहे. आणि सगळं सुरळीत पार पडलं, नवा लेख ब्लॉगवर दाखल झाला, तर 201. कौतुकाचा शब्द नाही, नुसता 201. टीप मात्र चुकत नाही. मधल्या सेवेचं मीटर बहुतेक ठिकाणी कामागणिक पडतं.

मग किल्लीचा प्रश्न आला. बाहेरच्या सेवेला आपला खरा पासवर्ड द्यायचा नसतो. त्यासाठी वर्डप्रेसने 2020 च्या डिसेंबरात ‘ॲप्लिकेशन पासवर्ड’ आणला. ही स्वतंत्र किल्ली 24 अक्षरांची, चार-चारच्या सहा गटांत येते आणि एकदाच दिसते. पान बंद केलं की ती ब्रह्मदेवालाही दिसत नाही, कारण वर्डप्रेस स्वतःकडेही ती जशीच्या तशी ठेवत नाही. संशय आला तर तेवढी एकच रद्द करता येते. हे ऐकून मी ती ताबडतोब भिंतीवरच्या कालनिर्णयच्या मागे, दुधाच्या हिशेबाशेजारी उतरवून घेतली.

“मामा! ही कुणालाही दिसता कामा नये,” भाची ओरडली.

“दिसली तरी बिघडत नाही,” ही आतून म्हणाली. “त्यांचं अक्षर त्यांनाही लागत नाही.”

पुढची अडचण साहित्यिक निघाली. एपीआयकडे मजकूर ‘जेसन’ नावाच्या मांडणीत पाठवावा लागतो आणि त्यात तो सरळ दुहेरी अवतरणचिन्हांच्या आत बसतो. मजकुरातच तसलं चिन्ह आलं, की जेसनला वाटतं, लेख संपला. पुढचं सगळं त्याच्या लेखी निरर्थक. नवा परिच्छेद तर त्याला मुळीच खपत नाही. माझ्या लेखांत बायको बोलते, शेजारी बोलतात, भाजीवालीही बोलते. “प्रत्येक अवतरणचिन्हाआधी बॅकस्लॅश टाकावा लागेल,” भाचीने निदान केलं. “नाहीतर तुझ्या माणसांना जरा कमी बोलायला सांग.” इतका परखड संपादकीय सल्ला मला कुणीही दिलेला नाही.

मराठीत लिहिणाऱ्याला आणखी एक धोका असतो. वर्डप्रेस शीर्षकावरून लेखाचा पत्ता तयार करतं आणि 200 चिन्हांवर थांबतं. इंग्रजीला ही जागा ऐसपैस पुरते. देवनागरीचं एकेक अक्षर मात्र पत्त्यात शिरताना नऊ चिन्हं खातं, आणि काना, मात्रा, वेलांटी यांची नऊ-नऊ वेगळी. म्हणजे आपल्या वाट्याला जेमतेम 22 येतात. आता समजा, तुम्ही मोठ्या मनाने शीर्षक दिलंत, ‘सोसायटीचे चिटणीस खोटारडे नाहीत’. हिशेब करून बघा, ‘खोटारडे’पाशी बरोबर 200 भरतात आणि ‘नाहीत’ बाहेर राहतं. शीर्षकात चिटणीस निर्दोष, पत्त्यात खोटारडे! पुढच्या सर्वसाधारण सभेत अवतरणचिन्हं आणि बॅकस्लॅश यांचा काही उपयोग होणार नाही. तेव्हा या पत्त्यासाठी ‘स्लग’ नावाचा जो रकाना असतो, त्यात छोटा पत्ता आपण स्वतःच लिहावा.

एवढं सगळं जमल्यावर यंत्र कामाला लागलं, आणि यंत्राचा खरा स्वभाव कळला. मधली सेवा शीटमध्ये नवी ओळ आली का, एवढंच बघते. फुकटच्या योजनेत साधारण दर 15 मिनिटांनी डोकावते. लेखक विचारात पडला आहे, हे तिच्या गावी नसतं. एका संध्याकाळी मी ‘सुखी संसाराचं रहस्य’ असं शीर्षक टाकलं, शेजारच्या रकान्यात ‘माझ्या मते’ असं लिहिलं, तेवढ्यात आतून गॅस बंद करायचा हुकूम आला. मी उठलो. परत येऊन बसेपर्यंत लेख जगभर प्रसिद्ध झाला होता.

न्यू जर्सीहून मित्राचा फोन आला. “काय लिहिलंयस! ‘माझ्या मते’, आणि पुढे काहीच नाही. हेच तर रहस्य आहे रे!”

“पहिल्यांदाच मुद्द्याचं लिहिलंत,” हिचंही मत पडलं.

भाचीने मग शीटमध्ये ‘तयार’ असा एक रकाना वाढवला. त्यात ‘हो’ लिहिल्याशिवाय ओळ पुढे सरकत नाही. म्हणजे बटण दाबायचं वाचलं आणि ‘हो’ लिहायचं वाढलं.

तरीही ही सोय करू नका, असं मी म्हणणार नाही. जुने लेख एकगठ्ठा चढवायचे असतील, रोजचं पंचांग किंवा बाजारभाव टाकायचे असतील, तर यंत्रासारखा राबणारा माणूस मिळायचा नाही. फक्त एक रकाना नीट बघा. त्याचं नाव स्टेटस. त्यात ‘पब्लिश’ लिहिता येतं आणि ‘ड्राफ्ट’ही. काहीच लिहिलं नाही, तर वर्डप्रेसचा एपीआय लेख मुकाट्याने ड्राफ्टमध्ये ठेवतो. यंत्राला मुळात घाई नसते, ती आपल्याला असते. तेव्हा तो रकाना तसाच राहू द्या, एक रात्र मध्ये जाऊ द्या, सकाळी चहा झाल्यावर लेख पुन्हा वाचा आणि बटण आपल्या बोटाने दाबा. दाबावंसं वाटलं नाही, तर वाचकांच्या वतीने मी आत्ताच आभार मानतो.