कार्पेटकाका

प्रत्येक सोसायटीत एक कार्पेटकाका असतातच. तुमच्याकडचे अजून भेटले नसतील तर पुढच्या वास्तुशांतीला नीट बघा. बाकीचे पाहुणे मठ्ठ्याच्या दिशेनं सरकलेले असतात, तेव्हा हे बेडरूमच्या कोपऱ्यात भिंतीला गाल लावून उभे असतात. हातात पिवळी, पाच मीटरची टेप. सट्‌कन ती आत गेली की निकाल लागतो. "नऊ फूट नऊ इंच. तुम्हाला दहा सांगितले ना? ते प्लास्टरच्या आधीचे!" यजमान हातातलं पेढ्यांचं ताट घेऊन पुढच्या पाहुण्याकडे पळतो.

सॅम्पल फ्लॅट बघायला नवं जोडपं त्यांना आवर्जून सोबत नेतं आणि मग पस्तावतं. काका बूट काढून सरळ तिथल्या पलंगावर आडवे होतात. पाय घोट्यापासून बाहेर. "पलंगच आखूड केलाय लेकांनी, खोली मोठी दिसावी म्हणून." मग उठून हिशेब मांडतात. "दहा फुटांतून खऱ्या पलंगाचे सव्वासहा आणि कपाटाचे दोन वजा करा. उरले पावणेदोन. कपाटाचं दार उघडायला दीड. राहिलेल्या तीन इंचांत तुम्ही उभे राहणार की सूनबाई?" सेल्समनला तेवढ्यात महत्त्वाचा फोन येतो.

रेराचा 2016 चा कायदा त्यांना रामरक्षेसारखा पाठ आहे. कार्पेटमध्ये बाहेरची भिंत नाही, डक्ट नाही, बाल्कनी नाही. घरातल्या आडभिंती मात्र आहेत. याचा त्यांना मनस्वी राग. "चार इंच जाडीच्या भिंतीचे पैसे मोजायचे आणि तिच्यात राहायचं कसं? पालीसारखं?"

आता माणसाला जागा लागते तरी किती? इथं मात्र काकांचा बाणा कडक. ते वाढले नायगावच्या बीडीडी चाळीत. एकशेसाठ चौरस फुटांची खोली आणि माणसं अकरा. म्हणजे माणशी साडेचौदा फूट! "काही अडलं का आमचं? आता चाळकऱ्यांना पाचशे फूट मिळतायत. आमच्या हिशेबानं त्यात चौतीस जण मावतील." टू बीएचके घेऊ पाहणाऱ्या प्रत्येक तरुणाला हे गणित ऐकावं लागतं. यातली गफलत फक्त काकूंना ठाऊक आहे. त्या चहा ओतता ओतता म्हणतात, "अकरा जण खोलीत जेवायचे फक्त. रात्री पुरुषमाणसं गॅलरीत, हे स्वतः जिन्याजवळ, आणि अभ्यासाला शेजाऱ्यांकडे. संडास तर सगळ्या मजल्याचा." खरं तर अख्खी चाळ वापरायची आणि हिशेबात मात्र एकच खोली धरायची, ही लबाडी बिल्डरला अजून जमलेली नाही.

यंदा काकांच्याच इमारतीचा पुनर्विकास निघाला. डोंबिवलीतला चारशेवीस फुटांचा फ्लॅट, वर पस्तीस टक्के जादा, म्हणजे पाचशे सदुसष्ट. राहणारी माणसं दोन. मुलगा पुण्याला, तो गणपतीत तीन दिवस येतो. माणशी साडेचौदाचे पुरस्कर्ते सभेत उभे राहिले आणि म्हणाले, "चाळीस टक्क्यांखाली सही करणार नाही." कुणीतरी नायगावची आठवण काढली. "तो काळ वेगळा होता. तेव्हा माळ्यावर सामान नव्हतं." सामान म्हणजे तांब्याचा बंब, तीन बंद पंखे आणि पहिल्या टीव्हीचा खोका. खोक्यात टीव्ही नाही, दुसरे खोके आहेत.

शेवटी आर्किटेक्ट नकाशा घेऊन घरी आला. "जादा जागेत काय काढू? छोटी खोली? स्टडी?"

"गॅलरी," काका तत्काळ म्हणाले. "चांगली सहा फूट रुंद. उन्हाळ्यात बाहेर पथारी टाकता आली पाहिजे."

"काका, बाल्कनी कार्पेटमध्ये धरता येत नाही. आतले फूट कमी होतील."

काकांनी टेप बाहेर काढली, अर्धी ओढली, सोडून दिली. "कागदावर कुठंही धरा हो. पण सहाच्या आत नको."

काकूंची एवढीच सूचना होती: गॅलरीच्या दाराला कडी आतल्या बाजूनं हवी.