चौकडीचा शर्ट

कॉर्कमध्ये राहायला आलो त्याच्या तिसऱ्या दिवशी शेजारच्या म्हाताऱ्याने कुंपणापलीकडून मला ‘बाय’ अशी हाक मारली. आमच्या कोकणात बाय म्हणजे लाडकी लेक. मी मागे वळून पाहिलं; कोणी नव्हतं. आयर्लंडच्या या दक्षिणेकडल्या शहरात ‘बॉय’चा उच्चार असाच होतो आणि तो सत्तरीच्या माणसालाही लावतात, हे कळायला आठवडा गेला. त्याच आठवड्यात आणखी एक गोष्ट कळली. या माणसाशी हवापाण्यावर बोलायची सोय नाही. ‘पाऊस काही थांबत नाही,’ असं मी शेजारधर्म म्हणून म्हणालो, तर आभाळाकडे न बघता तो म्हणाला, ‘असाच होता. जानेवारी ७४. सिटी हॉलबाहेर रांगेत उभे होतो.’

‘कसली रांग?’ मी विचारलं. विचारायला नको होतं. त्याला सहा वर्षं झाली, मी अजून त्या रांगेत उभा आहे.

रांग होती रोरी गॅलहर नावाच्या गिटारवाल्याच्या कार्यक्रमाची. पुण्याला हॉस्टेलात आमच्या खोलीच्या भिंतीवर हेंड्रिक्स होता, क्लॅप्टन होता. रोरी गॅलहर नव्हता. हे मी प्रामाणिकपणे कबूल केलं तेव्हा म्हाताऱ्याने माझ्याकडे दया आणि समाधान यांचं मिश्रण असलेल्या नजरेने पाहिलं. दया समजली. समाधान कसलं, हे समजायला बराच काळ जावा लागला. आधी त्याने उच्चार दुरुस्त केला. नावाच्या मधला ‘जी’ लिहायचा असतो, बोलायचा नसतो. ‘गॅलाघर’ म्हणणाऱ्याला त्या घरात चहा मिळत नाही. ओअॅसिसवाले दोघे भाऊही गॅलहरच, पण त्यांचं नाव काढलं तर मिळालेला चहा थंड होतो.

रोरीवाला ही आयर्लंडातली एक जात आहे. लांबूनही ओळखू येते. वय पासष्टच्या पुढे, पोट सुखवस्तू. पुढून टक्कल, मागून १९७३. आणि अंगात चौकडीचा शर्ट. रॉकवाले चकाकती साटीन आणि टिकल्यांची जाकिटं घालून नाचत होते त्या काळात रोरी जीन आणि चौकडीचा सुती शर्ट घालून स्टेजवर यायचा. सुताराने काम अर्धं टाकून यावं तसा. त्यामुळे भक्तांची फार सोय झाली. आमच्या म्हाताऱ्याकडे असे सात शर्ट आहेत. सहा वापरायचे, सातवा कपाटात. सातवा १९७६ पासून धुतलेला नाही, कारण त्यावर रोरीच्या घामाचा थेंब उडालेला आहे. ‘तो बियरचा डाग आहे,’ असं काकू म्हणतात. काकू म्हणजे म्हातारी. तिला मी मनातल्या मनात काकू म्हणतो.

घाम हा या संप्रदायातला मोठा विषय आहे, आणि तो गिटारीमुळे झाला आहे. ती फेंडर स्ट्रॅटोकास्टर १९६१ ची. एका शोबँडमधल्या वादकाची होती. शोबँड म्हणजे सूटबूट घालून नाचघरांतून चालू गाणी वाजवणारे ताफे. त्या गृहस्थाला लाल रंगाची हवी होती. आली ती सनबर्स्ट, म्हणजे मधोमध पिवळसर आणि कडेला काळपट. लाल आल्यावर त्याने ही काढून टाकली. १९६३ मध्ये कॉर्कच्या मर्चंट्स कीवरच्या क्रॉली यांच्या दुकानात ती पंधरा वर्षांच्या रोरीने पाहिली. किंमत १०० पौंड, हप्त्यांवर. आयर्लंडात आलेली ही पहिलीच स्ट्रॅट, असं म्हणतात. आई हादरली, तेव्हा पोराने तिला समजावलं म्हणे, की आता मुख्य गिटार आणि साथीची गिटार दोन्ही मीच वाजवीन, म्हणजे दुसऱ्या माणसाचा खर्च वाचेल. हा हिशेब कुठल्याही मराठी आईलाही पटला असता.

पुढे डब्लिनमध्ये ती गिटार चोरीला गेली आणि काही दिवसांनी, मराठीत सांगताना हा मोह आवरत नाही, गिटार गटारात सापडली. पावसात भिजलेली. हळूहळू तिचा रंग सोलवटत गेला आणि शेवटी नुसतं लाकूड दिसू लागलं. तो रंग कशाने गेला यावर दोन पंथ आहेत. गटारवादी म्हणतात, पाण्याने. घामवादी म्हणतात, रोरीच्या घामाने. त्याचा रक्तगट दुर्मीळ होता, म्हणून घामही तिखट. आमचा म्हातारा कडवा घामवादी. एका गटारवाद्याशी त्याचं १९९८ पासून बोलणं बंद आहे. तो गटारवादी त्याचा सख्खा मेहुणा आहे.

फेंडर कंपनीने पुढे त्या गिटारीची प्रतिकृती काढली. मूळ गिटारीची सहापैकी एक खुंटी वेगळ्याच बनावटीची, म्हणून प्रतिकृतीलाही एक खुंटी वेगळी. रंगही तितकाच आणि तिथेच उडालेला. कोरी वस्तू पगारी माणसांकडून जुनी करून घ्यायची आणि जास्त पैसे मोजायचे! नवी पैठणी आणून तिला उंदराकडून कुरतडून घेण्यासारखं हे आहे, असं मी एकदा बोललो. निवृत्तीच्या पैशांतून म्हाताऱ्याने ती घेतलेली आहे, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. त्याला गिटार वाजवता येत नाही. रविवारी सकाळी तो ती पेटीतून काढतो, सुरात लावतो, पुसतो आणि परत ठेवतो. ‘सुरात का लावता?’ म्हटलं. ‘देवाला आंघोळ घालत नाहीत तुमच्याकडे?’ तो म्हणाला. आमच्या दिवाळीला येऊन गेला होता, त्याचा हा परिणाम.

वाजवता येत नसलं तरी त्याला ऐकता येतं, हे मात्र मी मान्य करतो. एका संध्याकाळी त्याने रोरीची ‘आयरिश टूर ७४’ ही तबकडी लावली आणि मला गप्प बसायला सांगितलं. जोरात वाजवणारे पुष्कळ असतात. म्हातारा म्हणाला, तू हळू कुठे वाजतंय ते ऐक. रोरीचं सामान थोडकं. व्हॉक्सचा एसी ३० अँप आणि मधे रेंजमास्टर नावाची एक छोटी डबी, जी वरच्या स्वरांना धार लावते. पायाखाली बटणांची रांगोळी नाही. बाकी सगळं बोटांचं. करंगळी सतत गिटारीवरच्या बटणांवर. आवाज वाढव, कमी कर, स्वर घुसमटून टाक, पुन्हा मोकळा सोड. एखादा स्वर आधी लपलेला असतो आणि दार उघडल्यासारखा बाहेर येतो. तार उतरली तर गाणं थांबवून ‘हॅलो हॅलो’ नाही. वाजवता वाजवता खुंटी पिळायची आणि पुढे जायचं. मैफलीत तानेच्या मधेच तंबोऱ्याची जवारी लावून घेणारा गवई मी लहानपणी पाहिला आहे, तशी ती बेफिकिरी. मी हे सांगितल्यावर म्हाताऱ्याने त्या गवयाचं नाव वहीत लिहून घेतलं. स्पेलिंग तीनदा विचारलं.

एवढ्यावर तो थांबला असता तर बरं होतं. पण रोरीवाल्याला ऐकवल्यावर वाजवून दाखवावंच लागतं, आणि गिटार येत नसल्याने तो तोंडाने वाजवतो. डोळे मिटून, मान वाकडी करून, दातांतून सूं-ट्यांव-ट्यांव काढत तो पाच-पाच मिनिटं चालतो. शेजारचं कुत्रं त्यावेळी समेवर भुंकतं. इतक्या वर्षांनी त्यालाही जागा पाठ झाल्या आहेत.

रोरीवाल्याचं खरं भांडवल म्हणजे आकडा. किती वेळा ऐकलं? आमच्या म्हाताऱ्याचा आकडा सतरा. तारीखवार. ७४ च्या त्या जानेवारीत बेलफास्टचा अल्स्टर हॉल, डब्लिनचं कार्लटन आणि कॉर्कचा सिटी हॉल इथे रेकॉर्डिंग झालं आणि त्यातूनच ती तबकडी निघाली. कॉर्कच्या कार्यक्रमाला आपण हजर होतो असं सांगणारे जेवढे लोक मला भेटलेत, तेवढे बसवायचे तर सिटी हॉलला आणखी दोन मजले चढवावे लागतील. त्यातल्या एकाचा जन्म १९७१ चा निघाला. आईच्या कडेवर होतो, म्हणाला. बेलफास्टची गोष्ट मात्र सगळे गंभीरपणे सांगतात. बॉम्ब फुटत होते, बाहेरचे बँड तिकडे फिरकेनासे झाले होते, आणि हा माणूस न चुकता जात राहिला. हॉलमध्ये कोण कॅथलिक आणि कोण प्रॉटेस्टंट हे दोन तास कोणी विचारलं नाही. इथे म्हातारा तोंडाने वाजवत नाही.

पुराणात मात्र भर पडतच असते. हेंड्रिक्सला कोणी तरी विचारलं, जगातला सर्वोत्तम गिटारवादक असणं कसं वाटतं? तो म्हणाला, रोरीला विचारा. ही कथा प्रत्येक रोरीवाला सांगतो. मी शोध घेतला. हेंड्रिक्स असं कुठे बोलल्याचा पुरावा नाही. शिवाय हीच कथा तीन-चार इतर गिटारवाल्यांची नावं घालूनही सांगितली जाते. हे मी म्हाताऱ्यासमोर मांडलं. तो क्षणभर विचार करून म्हणाला, ‘बाकीच्यांच्या खोट्या आहेत.’

दुसरं आख्यान रोलिंग स्टोन्सचं. १९७५ च्या जानेवारीत त्यांना गिटारवाला हवा होता. रोरी रॉटरडॅमला गेला, काही दिवस त्यांच्याबरोबर वाजवलं, आणि ते काही ठरवेनात तेव्हा जपानचा दौरा आधीच कबूल केला होता म्हणून निघून आला. म्हाताऱ्याच्या तोंडी याचं ‘रोरीने स्टोन्सना लाथाडलं’ असं होतं. ‘त्यांनी कुठे विचारलं होतं?’ काकू आतून म्हणतात. ‘विचारायच्या आत लाथाडलं!’ हा बाहेरून म्हणतो.

रोरीने सिंगल काढायला नकार दिला, हे तो असं सांगतो की जणू हुंड्याला नकार दिला. १९७८ च्या सुमाराला सॅन फ्रान्सिस्कोला अख्खी तबकडी तयार झाली. रोरीला ती आवडली नाही आणि त्याने ती कचऱ्याच्या टोपलीत टाकली. त्याच्या मरणानंतर १६ वर्षांनी, २०११ मध्ये, ती बाजारात आली. म्हाताऱ्याने दोन प्रती घेतल्या. दोन्हीवरचा प्लास्टिकचा कागद अजून फाडलेला नाही. ‘त्याने टाकली ना? मग आपण कशी ऐकायची?’

आणि मरण? त्याबद्दल तो बोलत नाही. १९९५ च्या जानेवारीत रॉटरडॅमला शेवटचा कार्यक्रम, मग लंडनच्या इस्पितळात यकृत बदललं, जंतुसंसर्ग झाला, १४ जूनला गेला. वय ४७. हे मी वाचून काढलेलं. दर १४ जूनला म्हातारा बागकामाची कात्री घेऊन बॅलिनकॉलिगच्या दफनभूमीत जातो, गवत कापण्याजोगं नसलं तरी कापतो आणि येतो.

त्या पहिल्या दिवशीचं समाधान कसलं, ते मला २०२४ च्या ऑक्टोबरात समजलं. रोरीच्या भावाने ती गिटार लंडनला बॉनम्समध्ये लिलावाला काढली. कॉर्क हललं. ज्या क्रॉलींच्या दुकानातून ती आली त्यांच्या मुलीने लोकवर्गणी सुरू केली. म्हाताऱ्याने ५० युरो भरले आणि पावती चौकटीत लावली. लिलाव आम्ही दोघांनी कॉम्प्युटरवर पाहिला. बोली ७ लाख पौंडांवर थांबली. वरचा आकार धरून ८,८९,४००. आपल्या हिशेबाने साडेनऊ कोटींच्या पुढे. संगीताचे कार्यक्रम करणाऱ्या एका बड्या कंपनीने घेतली आणि आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयाला देऊन टाकली. देशाची वस्तू देशात राहिली. मी पेढे आणायच्या तयारीत होतो. म्हातारा तीन दिवस घराबाहेर पडला नाही.

चौथ्या दिवशी सुपरमार्केटमध्ये पैसे घेणारा पोरगा, वय फार तर एकोणीस, त्याच्या शर्टाकडे पाहून म्हणाला, ‘रोरी गॅलहरसारखा आहे हां तुमचा शर्ट. फार मोठा गिटारवाला होता. ऐकलंय का तुम्ही नाव?’

चाळीस वर्षं ‘जगाने त्याची कदर केली नाही’ असं म्हणत हा माणूस सुखाने जगला होता. आता पोस्टमन, न्हावी, बँकेतली बाई, सगळे कदर करू लागले. ज्याला रोरी माहीत नाही असा मी गल्लीत आलो तेव्हा त्याला आनंद झाला होता, आणि तसा माणूस आता मिळेना. शिवाय २०२५ च्या जानेवारीत बेलफास्टला अल्स्टर हॉलसमोर रोरीचा पुतळा उभा राहिला. कॉर्कच्या चौकात १९९७ पासून जे शिल्प आहे त्यात वळत-पिळत गेलेली गिटार आहे, माणूस नाही. ‘बघ,’ म्हातारा म्हणाला, ‘आमच्याकडे अजून पुतळा नाही.’ तक्रार परत मिळाल्यावर त्याला जरा भूक लागली.

त्याच वर्षी तो मला बॅलीशॅननला घेऊन गेला. हे रोरीचं जन्मगाव, देशाच्या दुसऱ्या टोकाला. इथेही पुतळा आहे आणि मे संपता संपता रोरीचा उत्सव भरतो. गाव एवढंसं, चढाचं, आणि चढावर जिकडे पाहावं तिकडे चौकड्या. जर्मन खूप. १९७७ मध्ये तिकडच्या टीव्हीने रात्रभराचा ‘रॉकपलास्ट’ युरोपभर दाखवला तेव्हापासून ते नादी लागले आहेत. पबमध्ये एक जर्मन आमच्या बाकावर येऊन बसला. सभ्य माणूस. म्हाताऱ्याने नेहमीप्रमाणे पहिल्या घोटालाच पत्ता टाकला: ‘सतरा.’

जर्मनाने खिशातून पाकीट काढलं आणि तिकिटांची अर्धुकं टेबलावर मांडायला सुरुवात केली. एकेचाळीस.

परतीच्या वाटेवर पाच तास गाडीत रोरीची एकही तबकडी लागली नाही. लिमरिक मागे पडल्यावर म्हातारा एकदम म्हणाला, ‘७६ ला त्याने दोनदा वाजवलं होतं. मी एकदाच धरत होतो.’ कॉर्क दिसू लागलं तेव्हा त्याला आणखी एक आठवला.

तुम्हाला बॅलीशॅननला जायचं असेल तर राहायची सोय जानेवारीतच करून ठेवा, नंतर खोली मिळत नाही. पुतळ्यापाशी एक म्हातारा भेटेल. रोरी कोण, असं त्याला जरूर विचारा. सध्या त्याचा आकडा एकोणीस आहे.