साडेपाच हजारांची करवत

20 मे 2020 च्या रात्री अम्फान चक्रीवादळ आले आणि कोलकात्यातल्या खिदिरपुरात आमच्या गल्लीतला गुलमोहर, इथल्या लोकांचा कृष्णचूडा, फाटकावर आडवा झाला. कोलकात्यात हजारो झाडे पडली होती. रस्ते मोकळे करायला शेवटी लष्कर बोलवावे लागले. मोठे रस्ते आधी, गल्ल्या मागाहून. फांद्यांखालून वाकून दूध आणताना मी ठरवले, घरात चेनसॉ हवी.

हिवाळ्यात घेतली. पेट्रोलवरची, 58 सीसीची, 22 इंची पट्टीची, साडेपाच हजारांना. कापते का? कापते. माझी तक्रार कापण्याआधीच्या एका तासाबद्दल आहे.

लिटरभर पेट्रोलला 40 मिलि टू-टी तेल घाला, असे सोबतचा कागद सांगतो. पण पंपावर प्लॅस्टिकच्या बाटलीत पेट्रोल देत नाहीत, म्हणून ते स्कूटरच्या टाकीतून काढायचे. मापाच्या बाटलीवरचे आकडे पहिल्याच महिन्यात पुसले गेले. साखळीचे तेल वेगळे, आणि ते रात्रभर गळून जमिनीवर. सुरू करायची दोरी तिसऱ्या वापरात तुटली. उरलेले पेट्रोल टाकीत राहिले, कार्ब्युरेटर चोंदला, आणि पुढच्या वादळाला यंत्र सुरूच झाले नाही. ज्या दिवसासाठी घेतले, त्याच दिवशी!

नवी साखळी घ्यायची तर पीच, गेज आणि पट्टीच्या खाचेत बसणाऱ्या कड्यांची संख्या सांगावी लागते. माझ्या पट्टीवर यातले काही छापलेले नाही. 1892 पासून जिथे गोदी आहे, त्या वस्तीत लोखंडाची वस्तू सहसा अडत नाही. माझी साखळी अडली.

हे सगळे मी सोसले असते. ब्रेकचे मात्र सोसवत नाही. पट्टीच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला टेकला की करवत उसळून तोंडाकडे येते. डोळ्याची पापणी लवायच्या आत. तेव्हा वाचवतो तो पुढच्या मुठीसमोरचा साखळीचा ब्रेक. माझ्या यंत्रात ती दांडी हलते, साखळी फिरतच राहते. दुकानदाराला दाखवले, तर म्हणाला, ‘होये जाबे, दादा,’ म्हणजे होऊन जाईल. यंत्रासोबत चष्मा नाही, हातमोजे नाहीत, आणि वर हे आश्वासन. याचा मला अजून राग आहे.

स्वस्त चेनसॉ घरापुरती पुरते का? वर्षातून दोनदा पडलेल्या फांद्या कापायच्या असतील आणि दुरुस्त करणारा माणूस जवळ असेल, तर पुरते. एवढेच काम असेल तर काहीशे रुपयांची वाकडी हातकरवत मला अधिक भरवशाची वाटते. मोठा बुंधा असेल तर त्या कामातला माणूस बोलवावा.

तरीही घ्यायचीच असेल, तर दुकानात, जाणत्या माणसाच्या हातून, यंत्र सुरू करून घ्या, ब्रेक पुढे ढकलायला सांगा आणि साखळी जागीच थांबते का ते पाहा. थांबली नाही, तर पैसे देऊ नका.